बाजाराच्या दिवशी सांगजो

तो दिवस बाजाराचा नव्हता, आणि दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला माझा फोन वाजला. मी वाशीमच्या एका शाळेत गणित शिकवते. शेलूबाजारहून रोज जीपने जाणं-येणं. घरचं काही बरंवाईट सांगायला आमच्याकडे आठवड्यातला एकच दिवस ठरलेला, त्यामुळे इतर दिवशी शाळेच्या वेळात घरून फोन येतच नाही. फळ्यावरची अपूर्णांकांची बेरीज अर्धी सोडून मी वऱ्हांड्यात आले. फोनवर विलास, माझा नवरा. “आई गेली,” तो म्हणाला. “जेवली, जराशी पडते म्हणे, आन…”

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते. माझा स्वभाव असा की डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत माझ्या डोक्यात पुढच्या काळज्यांची रांग लागते. पाहुण्यांना कोण कळवेल, पाच वर्षांच्या जुईला कोण सांगेल, विलासचं काय होईल, घराचं काय होईल, माझं काय होईल… आणि त्या रांगेत मध्येच आत्याबाईंचा खणखणीत आवाज ऐकू आला, “आज बाजार हाये का?” मला हसू फुटलं. समोर बसलेल्या बाईने पदर सावरून माझ्याकडे पाहिलं. रडता रडता हसणाऱ्या बाईसमोर बसायला कोणालाही धाकधूक वाटणारच. शेवटी तिने मला पाण्याची बाटली दिली आणि ती दुसरीकडे पाहू लागली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात जुनी माणसं सासूला आत्याबाई म्हणतात, मीही म्हणत आले. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की शेतातून हाक मारली तर रस्त्यावरची जीप थांबावी. तशी ती एकदा थांबलीही होती, आणि ड्रायव्हरला उगाच थांबवलं म्हणून त्यांनी त्याला उभ्या उभ्या टहाळ खायला घातला, म्हणजे ओला हरभरा. तो पुढे कित्येक वर्षं हंगामात आमच्या धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, आपणहून हॉर्न वाजवायचा.

माझं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचं. तिथे काळजी ही पाहुणी नव्हती, घरचीच होती. तिचं वेगळं ताट वाढायचं तेवढं बाकी. गावाला जायला निघालो की बाबा बसस्टँडवरून कुलूप पाहायला परत येत, आणि त्यांनी नीट पाहिलं की नाही हे पाहायला आई परत येई. दोन बसगाड्या आमच्यावाचून जात. या घरातून मी लग्न होऊन शेलूबाजारला आले, त्यामुळे हुंडा नसला तरी ही शिदोरी बरोबर होतीच. लग्नाला आठवडाही झाला नसेल. सकाळी चुलीपाशी बसून मी आत्याबाईंना विचारलं की मले इकडं नोकरी लागली नाही तं कसं व्हईन? त्यांनी तव्यावरची भाकर उलटली.

“आज बाजार हाये का?”

“नाही.”

“मंग बाजाराच्या दिवशी सांगजो. असं सुट्टं सुट्टं नोको आणत जाऊ.”

मला वाटलं, सासूबाईंना कमी ऐकू येतं. विलासला विचारलं तर तो म्हणाला की तिचं तसंच असते, तूही शिकून जाशीन. आणि बाजाराच्या दिवशी मला सगळं समजलं. आमच्या गावाच्या नावातच बाजार. त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून जीपा भरभरून माणसं येतात, हमरस्त्याच्या कडेने पालं लागतात, आणि मीठमिरचीपासून विळ्याच्या धारेपर्यंत सगळी कामं त्या दिवसावर ढकललेली असतात. सुई मोडली? बाजाराच्या दिवशी पाहू. चप्पल तुटली? बाजाराच्या दिवशी. आत्याबाईंनी काळजीलाही त्याच पिशवीत घातलं होतं, एवढंच. बाजारातून आलं की ओसरीवर पोतं अंथरायचं, मेथी आणि सांबार मध्ये ओतायचा (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो) आणि भाजी निवडता निवडता ज्याला जी काळजी असेल ती त्याने सांगायची. कोणी मध्ये बोलायचं नाही, कोणी “असं कर, तसं कर” म्हणायचं नाही. सांगून झालं की आत्याबाई एकच विचारायच्या, “हे नवं हाये, का मागच्या बाजारचं?” काही करण्यासारखं असेल तर उद्या कोणी कुठे जायचं ते ठरायचं. नसेल तर पुढच्या बाजारी पाहू. भाजी निवडून झाली की बोलणं बंद, आणि चहा.

पहिले काही महिने माझी मोठी पंचाईत झाली. सोमवारी सुचलेली काळजी बाजाराच्या दिवसापर्यंत सांभाळून ठेवायची म्हणजे काय चेष्टा आहे? मी मनात घोकायची, बाजाराच्या दिवशी मेथी हातात घेऊन बसायची आणि आठवायचंच नाही. आठवलं तरी तिच्यातली हवा गेलेली असायची. नुकतीच नोकरी लागलेल्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी आपल्याकडे रागाने पाहिलं, ही काळजी सोमवारी आभाळाएवढी होती, आणि इथे सगळ्यांसमोर सांगताना मलाच लाज वाटायची. एकदा चिडून मी म्हटलं, “आत्याबाई, लिहून ठेवत जाऊ का?” तर म्हणाल्या, “लिहेल सडत नाही, माय. सडू दे.”

हे त्यांना कोणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांचे यजमान गेले तेव्हा विलास लहान होता, शेत थोडं होतं आणि भाऊबंद फार होते. पुढे कसं होईल या विचारात त्या दिवसदिवस असायच्या. “असाच इचार करत करत निंदायले गेली,” त्या म्हणाल्या, “आन धुऱ्यापाशी येऊन मांगं पाह्यलं तं काय, तन जागच्या जागी उभं आन पऱ्हाटी उपटेल.” तण सोडून कपाशीचीच रोपं उपटली होती, अख्खी एक ओळ. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी धुऱ्यावर बसून त्या पोटभर रडल्या आणि मग त्यांनी ठरवलं, निंदायच्या दिवशी निंदण, बाजाराच्या दिवशी बाजार. बाकी काही तत्त्वज्ञान त्यामागे नव्हतं.

मग माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, पाचव्या महिन्यात. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्या दिवसांत आत्याबाईंनी बाजाराचं नावही काढलं नाही. मी दिवसा रडले, जेवताना रडले, न्हाताना रडले. त्या माझ्या पाठीशी बसून राहिल्या आणि त्यांना वाटलं तेव्हा त्याही रडल्या. शेजारच्या कौसल्याकाकू समजूत घालायला आल्या तेव्हा त्यांना म्हणाल्या, “बस, पण समजावू नोको.” काकू बसल्या.

पुन्हा दिवस राहिले ते नेमके टाळेबंदीच्या तोंडावर. विलास तेव्हा पुण्याला एका कंपनीत होता, तो तिकडेच अडकला. घरात मी आणि आत्याबाई. रस्ते ओस, जीपा बंद, आणि गावाच्या जन्मापासून भरत आलेला बाजारही बंद. आता माझ्याकडे काळज्यांचा तुटवडा नव्हता. दवाखाना उघडा असेल का, गाडी मिळेल का, विलास येईल का, आणि या सगळ्यांच्या तळाशी बसलेली एकच, जी मी तोंडाने उच्चारत नव्हते… हे बाळ राहील का? मी आत्याबाईंना सांगून टाकलं, “आता बाजारच नाही. आता मी रोज काळजी करीन, मले कोणी अडवू नोका.” त्या उठून परसातली वांगी पाहायला गेल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी उठून पाहते तर अंगणात पोतं अंथरलेलं. त्यावर परसातली दोन वांगी, चार शेवग्याच्या शेंगा, मूठभर हिरव्या मिरच्या आणि कौसल्याकाकूंकडून आणलेला गंजका तराजू. मागे आत्याबाई, डोक्यावर पदर, मांडी घालून.

“या बाई, या. वांगे घ्या, ताजे हायेत.”

मी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे झाले तर ओरडल्या, “फाटकातून या. बाजारात कोणी घरातून येते काय?” म्हणून मी पोट सांभाळत, पिशवी घेऊन, फाटकाबाहेर जाऊन परत आत आले. भाव विचारला. त्यांनी सांगितला तो ऐकून मी म्हटलं, महाग आहे. “परवडत नसन तं समोरच्या दुकानी पाहा,” त्या म्हणाल्या. समोर आमचा गोठा होता आणि त्यात आमची गाय रवंथ करत उभी होती. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी हसले. मग वांगी घेऊन ओसरीवर बसले, भाजी निवडायला नव्हती म्हणून ज्वारी निवडायला सूप पुढे ओढलं, आणि मनात होतं ते सगळं सांगितलं. तळाशी बसलेलं सोडून.

हळूहळू कौसल्याकाकूही भिंतीपलीकडून हजर होऊ लागल्या. त्यांना दिसायचं नाही, पण ऐकू यायचं, आणि त्यांना सांगायचंही असायचं. त्यांचा मुलगा सुरतेला अडकलेला. ही गोष्ट गावात कशी फिरली देव जाणे, पण एका बाजाराच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवलेला गणेश फाटकाशी येऊन उभा राहिला. गावच्या समितीने गस्तीला नेमलेला हा पोरगेलासा बाप्या, चेहरा एकदम कडक.

“काकू, बाजार बंद हाये. तुमच्या घरी बाजार भरून राह्यला म्हून तक्रार आली.”

“भरून तं राह्यला,” आत्याबाई म्हणाल्या.

“काय इकून राह्यले तुमी?”

“दोन वांगे. बाकी काळज्या. तुह्याजवळ हाये का एखांदी?”

गणेशने वांग्यांकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. दंड कशाचा करावा हे त्याला कळेना. मग तो फाटकाशीच, लांब, दगडावर टेकला. दिवसभर गावभर हिंडतो, त्याने सांगितलं, आणि रात्री एका खोलीत म्हाताऱ्या आईशेजारी झोपतो. आपणच तिला काही आणून दिलं तर… एवढं बोलून त्याने शिट्टी तोंडात धरली. आत्याबाईंनी त्याला सांगून होईस्तोवर सांगू दिलं. मग म्हणाल्या, “गोठ्यात बाज टाकजो. मायले सांगजो, घरात गर्मी होते म्हून.” त्याने तसं केलं. त्यानंतर तो दर बाजाराला येऊन त्या दगडावर बसायचा, आणि तक्रार करणाऱ्याला त्याने काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी बाजार नव्हता, आमच्या अंगणातलाही नाही. गणेशनेच जीपची सोय केली. विलास पुण्याहून निघाला होता, पण पोचला नव्हता. मागच्या सीटवर मी आणि आत्याबाई. वाशीमचा तो रस्ता मी शेकडो वेळा पाहिलाय, त्या दिवसाइतका रिकामा कधी नाही.

“आत्याबाई, आज बाजार नाही… पण मले भेव वाटून राह्यलं.”

“कायचं?”

“मागच्यासारखं व्हईन म्हून.”

मला वाटलं, आता म्हणतील, हे तं मागच्या बाजारचं. पण माझा हात ओढून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. “मले बी तेच भेव वाटून राह्यलं,” त्या म्हणाल्या, “तूनं दिवस राह्यले म्हून सांगतलं तवापासून.”

इतक्या वर्षांत आत्याबाईंनी स्वतःची एकही काळजी ओसरीवर आणली नव्हती. आम्ही समजत होतो की त्यांच्याकडे नसतेच. म्हणजे अंगणात दोन वांगी मांडून “या बाई, या” म्हणणारी ही बाई सगळा वेळ तेच पोटात घेऊन बसली होती! मी कळ सोसत विचारलं, “मंग सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं तं तूनं माह्या बाजारात पाय ठेवला असता काय?”

मग आम्ही दोघी भीत भीतच वाशीमला पोचलो. गणिताच्या हिशोबाने एकाची भीती दुसऱ्याच्या भीतीत मिळवली की ती वाढायला हवी. तशी ती वाढली नाही. का, ते मला अजून सोडवता आलेलं नाही. संध्याकाळी जुई झाली. आत्याबाईंनी तिला हातात घेऊन नीट न्याहाळलं आणि जाहीर केलं, “नाक बापाचं हाये. बाकी चांगलं हाये.”

जुईचा जन्म झाला आणि माझ्या काळज्या संपल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. संपल्या नाहीत. पण त्या आठवड्याच्या झाल्या. विलास पुण्याची नोकरी सोडून परत आला, इथेच पाइप आणि तुषारसंचांचं दुकान टाकलं; चालेल की नाही, या एका विषयावर आम्ही वर्षभर मेथी निवडली. चाललं.

या हिवाळ्यात आत्याबाईंना चार पावलांत धाप लागू लागली. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले, किती दिवस ते सांगता येत नाही. महिने असतील, वर्षंही असतील. अशी उत्तरं माझ्यासारखीला विषासारखी. त्यांच्या शेवटच्या बाजाराच्या दिवशी (तो शेवटचा हे तेव्हा कोणाला माहीत होतं?) त्या भिंतीशी बसून जुईला मेथीची कोवळी पानं कशी खुडायची ते दाखवत होत्या. जुई पानं कमी खुडत होती, खात जास्त होती. मी मेथीची एकच काडी खुडत बसले होते. “तुही सांग,” त्या म्हणाल्या, “पोटात ठेवू नोको.”

मी सांगून टाकलं. “तुमी गेल्यावर मी काय करू?”

त्या हसल्या, धाप लागेल म्हणून बेताने. “हे तं मागच्या बाजारचंच हाये. लग्न होऊन आली तवापासून तू हेच तं आणून राह्यली. नोकरी, पानीपाऊस, लेकरू… पिशवी बदलते फक्त.” मग बराच वेळ काडीशी चाळा करत राहिल्या. “तू काय करशीन ते मले नाही माहीत, बाई. आज तं हावो मी.” आणि चहा मागितला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि बाजाराचा दिवस आला. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. पण घरात मीठ नव्हतं. मीठ घेतलं, आणि हाताने सवयीने मेथीच्या जुड्या उचलल्या, सांबार उचलला. घरी आले तर फाटक उघडं. ओसरीच्या पायरीवर कौसल्याकाकू येऊन बसलेल्या. गणेशही होता, त्याची शिट्टी केव्हाच गेली, आता तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. विलास लसूण सोलत होता आणि जुईने पोतं उलटं अंथरलं होतं. भिंतीजवळची जागा सोडून सगळे बसले होते. मी मेथी ओतली. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं… म्हणजे साऱ्या गावात जी बाई सगळ्यात जास्त घाबरट, तिच्याकडे!

“मले नाही जमणार,” मी म्हटलं. “आत्याबाईसारखं आयकता येत नाही मले.”

कौसल्याकाकूंनी मेथीची एक जुडी पुढे ओढली. “तिले तरी कुठं येत होतं व? अर्ध्या टायमाले तं झोपलेली राहे ते.”

मग गणेश चाचरत म्हणाला, “मले वाटे, पण बोललो नाही… एकडाव घोरनं आयकू आलं होतं.” विलासने मान खाली घातली, आणि त्याचे खांदे हलू लागले तेव्हा मला कळलं की तो रडत नाही, हसतो आहे. त्याला लहानपणापासून माहीत होतं! भिंतीला टेकलेली पाठ, मिटलेले डोळे, हळूहळू डोलणारं डोकं आणि अधूनमधून येणारं ते “मंग?”… आम्ही त्याला काय काय समजत होतो. आम्ही इतके हसलो की जुई घाबरून माझ्या मांडीवर येऊन बसली. मला पदराने डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता मनात आलं की इतक्या वर्षांत मी जे जे सांगितलं त्यातलं निम्मं तर कोणी ऐकलंच नाही. तरी ते आठवडे निघून गेले होते. तरी जुई इथे माझ्या मांडीवर होती, केसांत मेथीचं पान घेऊन.

मी उठले आणि भिंतीजवळ जाऊन बसले. कौसल्याकाकूंनी घसा साफ केला. त्यांच्या मुलाचं लग्न जमत नाही, हे मागच्या बाजारचंच होतं, त्याच्याही मागच्या बाजारचं होतं. मी पाठ टेकली, जुडीचा दोरा सोडला आणि म्हटलं, “सांगा काकू. मी जागी हावो.”